ग्रोनेवरचे मंगळवार

१४ मे, मंगळवार

आज श्यूरच्या सुन्निवाचा दात पाहिला. समोरचाच, कोपऱ्याचा टवका उडालेला. अठ्ठावीस वर्षं मी दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करते आहे, खोऱ्यातली माणसं मला चेहऱ्याआधी दातांवरून ओळखू येतात. तिची खालची वाकडी दाढ दिसली. बापाची दाढ. श्यूरला जाऊन येत्या जूनमध्ये अकरा वर्षं होतील. तेव्हा ही तेरा वर्षांची होती.

"कशाने उडाला गं?" मी विचारलं.

"वल्ह्याने. आणि तेही माझ्याच," ती म्हणाली. शहर सोडून ती कायमची परत आली आहे. दर मंगळवारी संध्याकाळी मोठ्या माणसांना कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, शिकवणार. पाच जणांनी नावं दिलीत, पाचही पुरुष, आणि पाचही जणांना सगळं आधीच येतं.

"तू येतेस का, रागना?"

"मी? बावन्न वर्षांची बाई?"

"पाण्याला काय जन्मदाखला दाखवायचाय?"

मास्कच्या आत मी हो म्हणून गेले. तोंडावर मास्क असला की माणूस काय वाटेल ते बोलतं.

हो का म्हणाले, ते घरी येईपर्यंत शोधत होते. ग्रोना आमच्या घरापासून चाळीस पावलांवर वाहते. तीस वर्षं तिचा आवाज उशाशी घेऊन झोपले, पण एकदाही तिच्यात उतरले नाही. आधी माझा नवरा आयविंद उतरायचा. तो आणि श्यूर, सगळ्या खोऱ्यात तसे दोघेच. मी काठावर थर्मास घेऊन बसायची. श्यूर गेला, त्यानंतर आयविंदने पाण्याकडे पाठ केली. नदीकडची खिडकी त्याने लावून घेतली, ती आजतागायत बंद आहे. मला कधीकधी वाटतं, नदीने त्या दिवशी श्यूरला नेलं आणि माझ्या नवऱ्यालाही अर्धं ठेवून घेतलं. ते अर्धं कुठे ठेवलंय, ते एकदा पाहून यावं.

आयविंदला सांगितलं की चर्चच्या गाणाऱ्यांत नाव घातलंय, दर मंगळवारी तालीम. तो बटाटे सोलत होता. हात थांबला नाही.

"छान," म्हणाला. "घशाला बरं असतं."

१७ मे, शुक्रवार

राष्ट्रीय दिनाची मिरवणूक. पोरं झेंडे हलवत गेली, बँड नेहमीसारखा बेसूर. सगळे हात हलवतात, आयविंद मात्र खिशात हात घालून उभा. तो हात वर करतच नाही. सॉ मिलमध्ये क्रेनवाल्याला खुणा करायचं काम दोनदा चालून आलं, पगारही जास्त होता, दोन्हीदा नाही म्हणाला. खांदा दुखतो म्हणे. यंदा त्याला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायलाच हवं.

मिरवणुकीनंतर शाळेच्या पटांगणात कॉफी आणि केक. सुन्निवा समोरून गेली, तसा शेजारचा गुथोर्म म्हणाला, "बापासारखीच चपळ आहे. अक्कल तेवढी बापाहून जास्त असू दे. श्यूर तेव्हा थांबला असता तर..."

आयविंदने कप खाली ठेवला आणि चालत घरी निघून गेला. चार किलोमीटर. एवढ्या वर्षांनीही मित्राचं नाव निघालं की त्याला सोसत नाही. गुथोर्मला मी सांगितलं, तोंड उघडायचं असेल तर दवाखान्यात येऊन उघड.

२१ मे, मंगळवार

पहिला धडा तळ्यावर झाला, संथ पाण्यात. कमरेभोवती रबराचा एक झगा घालतात आणि त्याची किनार होडीच्या तोंडावर ताणून बसवतात, म्हणजे पाणी आत येत नाही. त्याला स्कर्ट म्हणतात. पाच पुरुष स्कर्ट नेसून उभे होते, ते बघूनच माझी भीती पळाली.

मग सुन्निवा म्हणाली, "आता उलटं व्हायचं. झग्याची पट्टी ओढायची आणि बाहेर यायचं. घाई नाही."

मी उलटी झाले.

हे नीट लिहून ठेवायला हवं. खाली सगळं हिरवं होतं, कोवळ्या पानातून उजेड पाहावा तसं. केस माझ्या चेहऱ्यासमोर सावकाश हलत होते, जणू दुसऱ्याच कुणाचे. कसला म्हणून आवाज नव्हता. दवाखान्यातलं मशीन, फ्रीज, सॉ मिलचा भोंगा, आमच्या घरातली ती अकरा वर्षांची शांतता, काहीच नव्हतं. मला वाटलं, इथे थोडं थांबावं. पट्टी ओढायची आठवणच झाली नाही. सुन्निवाने धरून सरळ केलं तेव्हा ती पांढरीफटक पडली होती.

"काय करत होतीस खाली?"

"काही नाही. बघत होते."

"बघायला वरून येत नाही का?" ती ओरडली. मग हसली. मग परत ओरडली.

२८ मे, मंगळवार

केस ओले घेऊन घरी आले. पाऊस लागला म्हणाले. बाहेर लख्ख ऊन. आयविंदने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि चुलीत दोन लाकडं जास्त टाकली.

जेवताना आपणहून बोलला, हेच नवल. आजोबांची गोष्ट काढली, ते नदीतून ओंडके सोडायचे तेव्हाची. "ओंडक्यावर उभं असताना समोर दगड आला," म्हणाला, "की नवखा माणूस घाबरून मागे कलतो. मागे कलला की गेला. पाणी खालून पाय ओढून घेतं. आजोबा म्हणायचे, दगडाला मिठी मार. ज्याची भीती वाटते त्याच्याच अंगावर कल."

"बरं," मी म्हणाले आणि मासा वाढला. ओंडके सोडणं बंद होऊन पन्नास वर्षं झाली. वय झालं की माणसं आजोबांच्या गोष्टी सांगायला लागतात, तसं असावं.

११ जून, मंगळवार

आज पहिल्यांदा वाहत्या पाण्यात. चर्चच्या वरचा सोपा पट्टा. प्रवाहात मोठा दगड असला की त्याच्या पाठीमागे पाणी उलटं फिरून थांबतं. सुन्निवा त्याला आडोसा म्हणते. एका आडोशातून सुटायचं, प्रवाहाने नेलं की पुढच्या आडोशात शिरायचं. सगळी नदी अशी टप्प्याटप्प्याने उतरता येते, जिना उतरावा तशी. तीस वर्षं मला वाटत होतं की नदी म्हणजे एकच एक धावणं आहे. तिच्यात एवढ्या थांबायच्या जागा असतील हे काठावरून कुणाला कळावं?

तीनदा बुडाले. बुडाल्यावर होडीतून न निघता कमरेच्या हिसक्याने परत वर यायची गिरकी असते, ती मला साधत नाही. "डोकं शेवटी वर काढ," सुन्निवा म्हणते. माझं डोकं कायम सगळ्यांत पुढे. दंडावर अंड्याएवढं निळं टेंगूळ आलंय. तालमीत खुर्ची लागली म्हणाले.

"कसलं गाणं बसवताय?" आयविंदने विचारलं.

"जुनंच आहे एक."

"अवघड दिसतंय," तो म्हणाला.

सुन्निवाने आज खुणेचा नियम शिकवला. अवघड जागी एकाने पुढे जायचं. वाट मोकळी आहे हे बघायचं. मग वल्हं सरळ उभं धरायचं. ते दिसल्याशिवाय मागच्याने हलायचं नाही.

"माझा बाप थांबला नाही," ती म्हणाली. "तू थांबायचंस."

मी मान हलवली. सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. पाणी चढलेलं होतं, आयविंद पुढे गेला होता, त्याने अजून खूणही केली नव्हती आणि श्यूरने स्वतःच घाईने होडी सोडली. वळणावर झाड आडवं पडलेलं होतं, त्याच्या फांद्यांत गेला.

१३ जून, गुरुवार

आजचा तो दिवस. दरवर्षीप्रमाणे आयविंदने सुट्टी घेतली आणि डोंगरावर जातो म्हणून सकाळीच गाडी घेऊन गेला. सहा वाजता आला. बूट कोरडे, कातळावरचं शेवाळसुद्धा चिकटलेलं नाही. वर यंदा कोरडं दिसतंय.

१८ जून, मंगळवार

शिकून झाल्यावर बाकीचे गेले. मी आणि सुन्निवा होड्यांवर बसून ब्रेड आणि तपकिरी चीज खात होतो. ऊन पाण्यावर पसरलेलं, संध्याकाळ संपायचं नाव घेत नव्हती. अशा वेळी माणूस जागं आहे की झोपेत, हे त्याचं त्यालाच कळत नाही.

ती आयविंदबद्दल विचारत राहते. त्या दिवशी तो घरी कसा आला? काय म्हणाला? मी सांगितलं की कपड्यांसकट शॉवरखाली उभा राहिला होता, अर्धा तास. गरम पाणी संपलं तरी हलला नाही. म्हणाला काहीच नाही.

"काहीच नाही?"

"तेव्हा नाही, नंतरही नाही."

ती चीजचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई सांगते, दरवर्षी त्या दिवशी आमच्या फाट्यावर एक राखाडी गाडी दिवसभर उभी असते. आत कुणीतरी बसलेलं. यंदा मी पण पाहिली."

"खोऱ्यात राखाडी गाड्या काय कमी आहेत? आमचीच एक आहे," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं दातात काहीतरी अडकलंय.

बिचारी पोर. बापाचा मित्र म्हणून तिला त्याच्याबद्दल ओढ वाटते. तिला एकदा जेवायला बोलवून त्याला भेटवावं, पण तालमीचं खोटं मध्ये येतं.

२५ जून, मंगळवार

गिरकी साधली! एकदाच, पण साधली. डोकं शेवटी वर आलं. वर येताना आधी पाण्याचा पडदा, मग आभाळ, मग सुन्निवाचे दात, तो भरलेला कोपरासुद्धा.

गाडीत मी खरंच गात होते. घराच्या दारात आयविंद उभा. "आज छान झालेलं दिसतंय," म्हणाला आणि हसला. किती दिवसांनी हसला. मला क्षणभर लाज वाटली. त्याच्याशी इतकं खोटं बोलते आणि त्याला माझ्या गाण्याचा आनंद होतो.

२ जुलै, मंगळवार

येत्या शनिवारी खरा पट्टा: वरच्या पुलापासून चर्चपर्यंत, पाच किलोमीटर, मध्यम पाणी. मध्ये म्हातारी. म्हातारी म्हणजे तो वळणावरचा उतार, जिथे पाणी दोन मोठ्या दगडांमधून फेसाळत उतरतं आणि म्हातारीसारखं पुटपुटत राहतं. श्यूर तिथेच गेला. फक्त सुन्निवा आणि मी जाणार. बाकीच्या पाचांपैकी दोघांची पाठ धरली आहे, दोघांची उमेद गेली आहे, आणि एकाच्या बायकोने नाही म्हटलं.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. गिरकी तीनदा केली तर एकदा जमते. म्हणजे दोनदा नाही. हे मी कुणाला दाखवायला करते आहे? ज्याला दाखवायचं त्याला तर माहीतच नाही.

आयविंद जेवताना म्हणाला, "पाणी उतरलंय. पुलाखालचा काळा दगड हातभर वर आलाय. शनिवारपर्यंत आणखी उतरेल, चांगलं होईल."

"कशाला चांगलं?"

"असंच," तो म्हणाला. "माशांना."

तो नदीकडे बघतो, हेच मला नवीन.

६ जुलै, शनिवार

आज लिहिलं नाही तर उद्या मला ते स्वप्न वाटेल.

सकाळी दहाला वरच्या पुलाखालून निघालो. धुकं नुकतं उचलत होतं. पाणी काचेसारखं, खालचे गोटे जवळ वाटत होते, हात घालून उचलावेत इतके. पहिले तीन किलोमीटर मी काही केलंच नाही असं वाटतं, नदीनेच केलं. आडोशातून आडोशात. काठावरचे बर्च मागे सरकत होते, एका लाटेवर होडीचं नाक वर गेलं आणि मी लहान मुलीसारखी ओरडले. सुन्निवा पुढून वळून बघायची आणि अंगठा वर करायची.

म्हातारीच्या वरच्या आडोशात थांबलो. पुटपुटणं ऐकू येत होतं. सुन्निवा म्हणाली, "मी जाते. वल्हं उभं दिसलं की उजवीकडून ये. डावीकडे जायचं नाही."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर तिथेच राहा. मी चालत येईन."

ती गेली. फेसात लाल हेल्मेट एकदा दिसलं, दोनदा दिसलं, मग नाही. मी दगडाला हात लावून थांबले. आणि तेव्हा वळणावरच्या खडकावर माणूस उभा दिसला. निळी टोपी. हातात फेकायच्या दोराची पिशवी. पाणी बघताना डोळ्यांना भास होतो, तसंच वाटलं आधी. मग त्याने टोपी मागे सरकवली, आणि ती सवय मी तीस वर्षं पाहते आहे.

खालून सुन्निवाचं वल्हं सरळ उभं राहिलं. मी पाण्यात शिरले.

उजवीकडून जायचं होतं. माझं अर्धं लक्ष खडकावर. प्रवाहाने आडवं धरलं आणि थेट उजव्या मोठ्या दगडावर नेलं. एवढा मोठा दगड अंगावर येताना सगळं शरीर मागे पळतं. मी मात्र पुढे कलले, दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. थंड, ओला, गालाला खरखरीत. कुणी सांगितलं होतं हे? क्षणभर तशीच राहिले, मग पाण्याने होडी दगडावरून सोडवली, गोल फिरवली आणि खालच्या लाटेत उलटी केली.

गिरकी मारली. नाही जमली. परत मारली. नाही. हिरवा उजेड यावेळी पांढरा होता, फुटलेला. पट्टी ओढली, बाहेर आले, डोकं वर काढलं, आणि छातीवर दोर पडला. अगदी छातीवर, बशीत चमचा ठेवावा तसा. मी धरला. त्याने ओढलं.

काठावर गोट्यांत मी खोकत पडले होते, आयविंद गुडघ्यावर बसून माझं हेल्मेट सोडवत होता. त्याच्या बोटांना बकल सापडत नव्हतं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"काय?"

"हेच. मी इथे..."

"रागना," तो म्हणाला, "तुला गाता येत नाही."

मला हसू आलं, हसताना नाकातून पाणी आलं. तोवर सुन्निवा खालून धावत आली. मी धडधाकट आहे हे तिने पाहिलं, मग ती आयविंदकडे वळली. उभी राहिली फक्त, धापा टाकत. मला तेव्हा वाटलं की दमली असेल.

"तू खूण बरोबर केलीस," आयविंद तिला म्हणाला. "आधी नीट बघितलंस. दोन्ही बाजूंनी बघितलंस, मी पाहत होतो."

"तसंच शिकवलंय मला."

"मी नव्हतं बघितलं."

माझ्या कानात पाणी होतं. सगळं लांबून, चादरीखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. म्हातारी पुटपुटत होती आणि त्या पुटपुटण्यातून माझा नवरा बोलत होता, अकरा वर्षांत बोलला नव्हता इतकं सलग. म्हणाला, मी उजवीकडून आलो. पाणी मोठं होतं, निभावलं, आनंद झाला. डावीकडे बघितलंच नाही. झाड डावीकडे पडलं होतं. श्यूर कायम डावीकडूनच यायचा, मला ठाऊक होतं. मी वल्हं उभं धरलं.

"तू खूण केलीस," सुन्निवा म्हणाली.

"केली."

"आणि तो थांबला होता."

"थांबला होता. त्याने खूण पाहिली, मग निघाला. संध्याकाळी पोलिसांनी विचारलं, खूण केली होती का? माझ्या तोंडून निघून गेलं, नाही. एवढंच. मग लोक म्हणायला लागले की श्यूर उतावळा होता. मी ऐकत राहिलो."

सुन्निवाने हेल्मेट घट्ट केलं, खाली गेली, होडीत बसली आणि एकटी निघाली. एकदाही वळून पाहिलं नाही.

आम्ही दोघं रस्त्यापर्यंत चढून आलो. माझी होडी त्याने खांद्यावर घेतली होती.

७ जुलै, रविवार

तो बारा तास झोपला. मी नाही.

ते हात वर न करणं. ते क्रेनचं काम. हाडांचा डॉक्टर! मी माणसांच्या तोंडात बघते, अठ्ठावीस वर्षं, आणि माझ्याच घरातल्या माणसाच्या तोंडात काय आहे ते मला दिसलं नाही.

९ जुलै, मंगळवार

सुन्निवाचा निरोप: "आजचं रद्द."

काल आयविंद स्वतःहून पोलिसांकडे जाऊन आला. तिथला अधिकारी तेव्हा शाळेत असेल. त्याने लिहून घेतलं, सही घेतली, हात मिळवला आणि म्हणाला, पुढे काय करायचं ते कळवू. आयविंदला वाटलं होतं, कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही, याचाच त्याला जास्त त्रास होतोय.

१४ जुलै, रविवार

मी रागावले आहे. हे इथे लिहिते, कारण त्याच्यासमोर बोलले तर तो लगेच मान खाली घालून ऐकून घेईल, आणि मला तेच नको आहे. ओद्नी, श्यूरची बायको, माझ्याकडे दर सहा महिन्यांनी दात साफ करायला येते. प्रत्येक वेळी म्हणते, "मला सोडून जायची त्याला एवढी घाई होती." मी तिच्या तोंडात आरसा धरून मान हलवत आले आहे. माझी ती मान कोण परत देणार?

आणि तरी आज दुपारी तो सोफ्यावर झोपला होता, तेव्हा त्याच्या अंगावर पांघरूण मीच घातलं.

नदीकडची खिडकी आज मी उघडली. गंजून बसली होती, हातोडी लागली. तो जागा झाला, आवाज ऐकत पडून राहिला. बंद कर म्हणाला नाही.

१८ जुलै, गुरुवार

सुन्निवा आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"आईला तू सांगायचंस," ती आयविंदला म्हणाली. "मी सांगणार नाही. रविवारी अकराला."

"येतो."

"आणि या वेळी फाट्यावर गाडीत बसून राहू नकोस."

जाताना माझ्याकडे वळली. "मला तू आवडतेस, रागना. पण पहिल्या दिवशी तुला बोलावलं ते तुझ्यासाठी नव्हतं. मला आतून वाटायचं की आयविंदला काहीतरी ठाऊक आहे. तुझ्याकडून कळेल असं वाटलं होतं."

"मला तर काहीच ठाऊक नव्हतं गं."

"ते मला राखाडी गाडीचा विषय निघाला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "पण तोवर तुला पाण्यातून बाहेर काढणं अवघड झालं होतं."

हे कौतुक होतं की टोमणा, अजून ठरवता आलेलं नाही.

२१ जुलै, रविवार

ओद्नीचं स्वयंपाकघर. कॉफी तयार, वेफल्स झाकून ठेवलेले. पाहुणे येणार म्हणून तिने नवा टेबलक्लॉथ घातला होता, ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुन्निवा ओट्याला टेकून उभी.

आयविंदने सगळं सांगितलं. न थांबता, न सजवता. ओद्नी ऐकत होती. वेफलवरचा फडका तिने काढलाच नाही.

तो बोलायचा थांबला. मग तिने एकच विचारलं, "किती वेळ थांबला होता तो?"

"दहा मिनिटं असतील. जास्तच."

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "श्यूर! त्याला कॉफी निवेपर्यंत धीर नसायचा. दहा मिनिटं थांबला होता?"

"मी खूण करेपर्यंत हलला नाही."

ती उठली, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. पाठ हलत नव्हती, म्हणजे रडत नसावी. "अकरा वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "झोपताना, उठताना, गाडी बंद पडली की, बर्फ काढताना. एक दिवस चुकला नाही." मग वळली. "आता तुम्ही जा. तुला काय म्हणायचं ते मला अजून माहीत नाही, आयविंद. माहीत झालं की सांगेन. कदाचित ते तुला ऐकवणार नाही."

"ऐकेन," तो म्हणाला.

आम्ही निघालो. अंगणात सुन्निवा मागून आली आणि वेफल्सचा डबा माझ्या हातात कोंबला. "आईने नाही दिलेत," ती म्हणाली. "मी देतेय. उगाच वाया जातील."

रस्त्यात आम्ही ते खाल्ले नाहीत. घरी येऊन, संध्याकाळी, उभ्या उभ्या सगळे खाल्ले.

१० ऑगस्ट, शनिवार

परत खाली आले, वरच्या पुलापासून. सुन्निवाने गुरुवारी निरोप धाडला होता: "पाणी कमी होतंय, यंदाची शेवटची संधी." आयविंदने होड्या गाडीवर बांधल्या, आम्हाला वर सोडलं आणि गाडी घेऊन खाली चर्चपाशी गेला. पाण्यात येतोस का, असं सुन्निवाने त्याला विचारलं नाही, त्यानेही विषय काढला नाही. दोर बांधताना दोघं दोरांबद्दल बोलत होती. गाठ कशी चुकीची आहे आणि कशी बरोबर आहे.

म्हातारी या खेपेला मी उजवीकडून नीट उतरले, अंगही फारसं भिजलं नाही. सुन्निवा खालच्या आडोशात वाट बघत होती. तिथे दोन मिनिटं थांबली, डावीकडच्या पाण्याकडे बघत. मग ती निघाली.

शेवटचा किलोमीटर संथ आहे. वल्हं मांडीवर ठेवून मी नुसती वाहत होते. ऑगस्टातला तो उजेड, सगळ्याला थोडा मध लागल्यासारखा. चर्चची भिंत आली, भिंतीपलीकडे कबरींचे दगड. पाण्यातून ते कधी पाहिले नव्हते, इथून सगळे उंच दिसतात.

ओद्नी तिथे होती. श्यूरच्या दगडापाशी गुडघ्यांवर बसलेली, शेजारी बादली, हातात गवत कापायची कात्री. अकरा वर्षं त्या जागेची देखभाल चर्चचा माणूस करत होता, ती फिरकत नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती गवत कापत होती आणि बोलत होती. हळू नाही, चांगली हातवारे करत, कात्रीसकट. मध्येच थांबली, जणू समोरून उत्तर येतंय. मान हलवली. परत सुरू.

पाण्याच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही. भांडत होती की काही सांगत होती, कोण जाणे. सुन्निवाची होडी माझ्यापुढे होती. तिनेही पाहिलं असणार, कारण तिचं वल्हं थांबलं होतं. हाक मात्र तिने मारली नाही, आणि मीही मारली नाही. आम्ही आवाज न करता भिंतीशेजारून वाहत पुढे गेलो, म्हणजे तिचं बोलणं मध्येच तुटायला नको.